आपल्याला एक ली कुआन यू हवाय म्हणे!

गोदाकाठचा हिशेबनीस
(धागाकर्ता)

रविवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र आलं. वरच्या अर्ध्यात सिंगापूरचा मरीना बे, खालच्या अर्ध्यात आपल्या नाशिकचं द्वारका सर्कल, संध्याकाळी सातचं. मध्ये लाल अक्षरांत 'या देशाला लोकशाही नको, एक ली कुआन यू हवा'. दहा मिनिटांत सतरा अंगठे पडले. अठरावा माझाच पडणार होता, कारण आदल्या दिवशी मी द्वारकेला पाऊण तास अडकून बसलो होतो. पण का कोण जाणे, हात आखडला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ली कुआन यू १९५९ ते १९९० अशी एकतीस वर्षं सिंगापूरचे पंतप्रधान होते. पद सोडल्यावरही २०११पर्यंत मंत्रिमंडळात होतेच. १९६५च्या ऑगस्टमध्ये मलेशियाने सिंगापूरला वेगळं काढलं, तेव्हा प्यायचं पाणीसुद्धा पलीकडून यायचं. दरडोई उत्पन्न वर्षाला पाचशे डॉलरच्या आसपास. हे खुर्चीवरून उतरले तेव्हा ते बारा हजारांच्या घरात गेलेलं. माझा धंदा आकड्यांचा आहे, त्यामुळे या आकड्यापुढे मी आधीच हात जोडतो.

आपलं तत्त्वज्ञान या माणसाने कधी लपवलं नाही. १९९२च्या नोव्हेंबरमध्ये मनिलात, फिलिपिनो उद्योजकांच्या भर सभेत म्हणाले की देशाला वर यायचं तर लोकशाहीपेक्षा शिस्त जास्त लागते, आणि लोकशाही उतू गेली की जी अंदाधुंदी माजते ती विकासाला मारक ठरते. म्हणजे पाहुणा म्हणून जेवायला जायचं आणि यजमानीणबाईंना सांगायचं, भाजी अळणी झालीय.

आता माझा मुद्दा. हा प्रयोग आपल्याकडे नुकताच होऊन गेलाय, आणि कुणाच्या ध्यानातही आलेलं दिसत नाही. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, पुन्हा प्रभागरचना, असं करत करत पुढची निवडणूक लागली जानेवारी २०२६ला. मधली जवळजवळ चार वर्षं ना नगरसेवक, ना महापौर, ना स्थायी समिती. विषय मांडणारा प्रशासक, मंजूर करणारा प्रशासक, अंमलात आणणाराही प्रशासक. जिल्हा परिषदेवरही त्याच मार्चपासून प्रशासक बसला. सभागृहात आरडाओरड नाही, राजदंड पळवापळवी नाही, टक्केवारीचे आरोप-प्रत्यारोप नाहीत. ग्रुपवरच्या सतरा अंगठ्यांना जे हवंय ते नेमकं हेच ना?

मग चार वर्षांत आपण सिंगापूरच्या दिशेने किती पावलं गेलो? उपहासाने विचारत नाहीये, खरंच मोजायला बसलोय. अधिकारी वाईट होते असं मला म्हणायचं नाही, काही तर चांगलेच होते. पण शिस्तवाल्यांचं गणित बरोबर असेल तर फरक डोळ्यांत भरायला हवा होता. मला तो सापडत नाहीये. तुम्हाला सापडला तर सांगा.

---

मिसळ जहाल

सिंगापुरात च्युइंगम विकायला बंदी आहे. आपल्याकडे फक्त मावा आणि तंबाखूपुरती तेवढी शिस्त आणा, महापालिकेच्या जिन्यांचे कोपरे स्वच्छ झाले तरी मी ली साहेबांचा फोटो देव्हाऱ्यात लावीन.

बाकी चालू द्या, मी आपला खुर्ची टाकून बसलोय.

---

आडगाव नाका

हिशेबनीस, तुलनाच चुकीची आहे. प्रशासक म्हणजे ली कुआन यू नव्हे. चार वर्षांत त्या खुर्चीत चार-पाच आयुक्त येऊन गेले. एकाला फायली कळेपर्यंत बदलीची ऑर्डर. ली एकतीस वर्षं एका जागी बसले! आणि आपल्या प्रशासकाला मुंबईहून फोन येतो, लींना कुणाचा येत होता?

ते थेट नदीचंच बघा. १९७७ला त्यांनी सांगितलं, दहा वर्षांनी सिंगापूर नदीत मासे धरता आले पाहिजेत. काठावरचे फेरीवाले झाकलेल्या मंडईत नेले, झोपड्यांमधल्या लोकांना फ्लॅट दिले, वरच्या अंगाची डुकरं पाळणारी शेतं हळूहळू बंदच केली. १९८७ला नदी साफ. आपल्या गोदावरीवर उच्च न्यायालयात याचिका होऊन दशक उलटलं, तरी उन्हाळ्यात पाणवेलीवरून चालत पंचवटीत जाता येईल अशी अवस्था असते. दहा वर्षांची मुदत देणारा आणि दहा वर्षांनी ती तपासायला त्याच खुर्चीत असलेला माणूस, हे लोकशाहीत शक्यच नाही. पाच वर्षांच्या माणसाला पाच वर्षांचंच दिसणार.

सिंहस्थाचं बघा. २०१५ला झाला, २०२७ला येणार हे पंचांगात छापलेलं. बारा वर्षं हातात होती. कामं कधी जोरात सुरू झाली? अगदी तोंडावर. त्यातही साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून रणकंदन. ली असते तर साधुग्रामची जागा २०१६लाच ताब्यात घेऊन मोकळे झाले असते.

---

गोदाकाठचा हिशेबनीस

आडगाव नाका, 'प्रशासक म्हणजे ली नव्हे' हे तुमच्याच तोंडून आलं, बरं झालं. माझंही तेच म्हणणं आहे. निवडून आलेला बाजूला काढला की त्या जागी आपोआप ली उगवत नाही. जागा फक्त रिकामी राहते.

तपोवनाच्या झाडांबद्दल लोक रस्त्यावर आले त्याला तुम्ही रणकंदन म्हणता. मी त्या गर्दीत होतो. पण तो वेगळा धागा होईल.

---

सिन्नरचा फिटर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. विषयच तसा आहे. मी २००६ ते २०१४ सिंगापूरच्या जुराँगमधल्या एका शिपयार्डात होतो. आठ वर्षं त्या देशाचं अन्न खाल्लंय, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट घरांची. इथे कुणी त्यावर बोलतच नाही, सगळे च्युइंगमवर अडकतात. लींनी १९६०ला गृहनिर्माण मंडळ काढलं. आज तिथले साधारण ऐंशी टक्के लोक त्या सरकारी इमारतींत राहतात आणि बहुतेकांचं घर स्वतःच्या नावावर आहे, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने. पैसा कुठून आला? आपल्या पीएफसारखा त्यांचा सीपीएफ. इंग्रजांच्या काळातला, १९५५चा. १९६८पासून त्यातले पैसे घरासाठी वापरायला परवानगी दिली. ऐंशीच्या दशकात एक वेळ अशी होती की कामगाराचे पंचवीस टक्के आणि मालकाचे पंचवीस टक्के, असा निम्मा पगार त्यात जायचा. ज्याचं स्वतःचं घर आहे तो दगड उचलत नाही, हे ली उघड म्हणायचे. म्हणायची पद्धत वेगळी होती, अर्थ हाच.

आता जमीन. १९६६चा भूसंपादन कायदा. सरकारने बोट ठेवलं की जमीन गेली. त्यात पुन्हा भरपाईचा भाव १९७३च्या नोव्हेंबरचा धरायचा, आणि हे कलम पुढची बरीच वर्षं तसंच चाललं. समजा १९८५ला तुमची वाडी घेतली, तरी भाव १९७३चा! आज तिथली नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारी आहे. आमच्या सिन्नर तालुक्यातून समृद्धी गेला तेव्हा काय झालं आठवा. लोकांनी मोजणीवाल्यांना शिवारात पाय ठेवू दिला नाही, सभा झाल्या, मोर्चे निघाले, आणि शेवटी थेट खरेदीत पाचपट दर मिळाला. माझ्या चुलतभावाने त्यात दोन मजली घर बांधलं आणि वर द्राक्षबाग घेतली. सातशे एक किलोमीटरचा रस्ता झालाच ना? २०२५च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरीचा तुकडाही सुरू झाला. उशीर झाला, पण आमचा माणूस रस्त्यावर आला नाही. म्हणजे रस्त्यावर आला, पण वेगळ्या अर्थाने.

तिसरी गोष्ट. माझा सुपरवायझर तमिळ, तिथेच जन्मलेला. बून लेमध्ये त्याचा फ्लॅट. इमारतीचा तळमजला मोकळा असतो, त्यात भिंतीच घालत नाहीत. एका रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो तर खाली मलय लग्नाचा मंडप, हिरवं-सोनेरी कापड, बिर्याणीचे टोप. पुढच्या महिन्यात गेलो तर त्याच जागेत चिनी मयत ठेवलेलं, पांढरे कपडे घातलेले लोक रात्रभर पत्ते खेळत जागत होते. प्रत्येक इमारतीत चिनी किती, मलय किती, भारतीय किती याचा कोटा आहे, १९८९पासून. वेगवेगळ्या वस्त्या होऊ द्यायच्या नाहीत म्हणून. मला ते फार भारी वाटलं. सुपरवायझर म्हणाला, भारी आहे, पण मला फ्लॅट विकायचाय, चिनी गिऱ्हाईक चांगला भाव देतंय, आणि इमारतीतला चिनी कोटा भरलाय. म्हणजे त्याला विकता येणार नाही. भारतीय किंवा मलय गिऱ्हाईक शोध आणि पडेल त्या भावात दे. त्याने ते हसत सांगितलं, पण बायको आतून भांडी आपटत होती.

आणि आम्ही? आम्ही बारा जण एका खोलीत. लोखंडी दुमजली खाटा. कामावर न्यायला लॉरी, मागे उघड्यावर बसायचं, पाऊस आला की ताडपत्री डोक्यावर. परदेशी मजुराला त्या घरांच्या चमत्कारात जागा नाही. २०२०मध्ये कोरोना तिथल्या मजुरांच्या डॉर्मिटरीत कसा पसरला ते सगळ्या जगाने पाहिलं.

पण हेही खरंच सांगतो. आठ वर्षांत माझ्याकडे कुणी एक डॉलर चहापाण्याला मागितला नाही. परमिटचं काम असो, हॉस्पिटल असो, पोलीस असो. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका कार्यालयात वारसनोंद करायला गेलो, आणि टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, 'फॉरेन रिटर्न ना तुम्ही?' बस. तेवढंच म्हणाला आणि पेन खाली ठेवलं.

---

मिसळ जहाल

ते पेन खाली ठेवणं! कुठलं कार्यालय ते विचारत नाही, सगळ्यांचं पेन एकाच कंपनीचं असतं.

---

आडगाव नाका

फिटरभाऊ, शेवटच्या परिच्छेदात तुम्ही माझीच बाजू मांडलीत. धन्यवाद.

---

गोदाकाठचा हिशेबनीस

मला तसं वाटत नाही. एक विचारतो. ते पेन उचलायला लावणारी शिस्त तिथे कुणाला लावली होती? फिटरभाऊंना की टेबलापलीकडच्याला?

व्हॉट्सअॅपवरच्या ली कुआन यूच्या हातात छडी असते आणि ती आपल्या पाठीवर असते. थुंकला दंड, सिग्नल तोडला दंड. खऱ्या लींनी छडी खालीही चालवली, नाही असं नाही. पण आधी वर चालवली. लाचलुचपतीचं खातं इंग्रजांनी १९५२लाच काढलेलं होतं, यांनी ते स्वतःच्या कार्यालयाखाली घेतलं आणि मंत्र्यांच्याही मागे लागायला मोकळीक दिली. १९८६ला राष्ट्रीय विकास खात्याचे मंत्री तेह चियांग वान यांच्यावर दोन बिल्डरांकडून चार-चार लाख सिंगापूर डॉलर घेतल्याचा आरोप आला. जुना सहकारी, पक्षातला माणूस. तपास चालू असताना त्यांनी पंतप्रधानांची भेट मागितली, लींनी तपास संपेपर्यंत भेट नाकारली. डिसेंबरात त्या मंत्र्यांनी आत्महत्या केली. लींच्या नावाने चिठ्ठी मागे ठेवली होती. वाचून अंगावर काटा येतो, पण मुद्दा असा की भेटसुद्धा नाकारली. अगदी अलीकडे, २०२४ला, ईश्वरन नावाचे माजी वाहतूक मंत्री भेटवस्तू घेतल्याबद्दल वर्षभरासाठी आत गेले. ली तोवर हयात नव्हते, खातं होतं.

दुसरं, १९९४पासून मंत्र्यांचे पगार त्यांनी खासगी क्षेत्रातल्या सर्वाधिक कमावणाऱ्यांशी जोडले. म्हणजे मंत्र्याला कोट्यवधी पगार. लोक चिडले, तरी केलं. आपल्याकडे आमदाराचा पगार दहा टक्क्यांनी वाढवा, सोशल मीडिया पेटतो, आणि त्याच आमदाराच्या गाड्यांचा ताफा बघून कुणाला काही वाटत नाही.

हे सगळं 'लोकशाही नको' या ओळीत कुठे येतं? ग्रुपवर कुणी असं चित्र टाकलेलं मी पाहिलं नाही, की 'मंत्र्याच्या मागे लागणारं आणि मंत्र्याला न विचारता लागणारं खातं हवं'. त्याला सतरा अंगठे येणार नाहीत.

---

जुनी तांबट आळी

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. टायपिंग नातीने लावून दिलंय, बोललेलं उमटतं. चुका झाल्या तर तिच्या.

शिस्त हवी, शिस्त हवी, हे मी १९७५ला पण ऐकलं होतं. तेव्हा गाड्या वेळेवर धावतात म्हणून माझे सासरेसुद्धा खूष होते. आमच्या आळीतले दोघे नाशिकरोडच्या तुरुंगात होते, संघाचा एक आणि समाजवादी एक, एकाच बराकीत. त्यावर जास्त बोलत नाही.

मला बोलायचंय ते बहात्तरच्या दुष्काळाबद्दल. तेव्हा मी नांदगाव तालुक्यात दुष्काळी कामावर मस्टर कारकून होतो, वय वीस-एकवीस. पाझर तलाव आणि खडी फोडायचं काम. बायका डोक्याला फडकं बांधून बसायच्या, हातात दोन पौंडी हातोडी, पायाशी लेकरू. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. दुपारी सुकडी वाटायचो. रेशनला लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, भाकरी थापली की चुरा व्हायचा. चाळीसगावकडून आलेलं एक कुटुंब होतं, म्हातारी रोज विचारायची, 'साहेब, आज मस्टरवर माझं नाव हाय ना?' मी साहेब नव्हतो. पण नाव असायचं.

त्या वेळी राज्यभर ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या जवळपास माणसं कामावर होती. एवढं मोठं अवर्षण, तीन वर्षं ओळीने, आणि भूकबळींचे ढीग लागले नाहीत. का? सरकार फार दयाळू होतं म्हणून नाही. कामावर मजुरी थकली की मोर्चा यायचा. तहसीलदाराला घेराव घालायचे. आमदार दारात उभा, विधानसभेत प्रश्न, सकाळी पेपरात बातमी. मी स्वतः दोनदा लोकांच्या शिव्या खाल्ल्यात, आणि त्या योग्य होत्या. त्यातून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, त्याचा कायदा झाला. पुढे सगळ्या देशाने ती कल्पना उचलली.

अमर्त्य सेन म्हणतात, जिथे चालू लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं आहेत तिथे मोठा दुष्काळबळी होत नाही. त्याच सुमाराच्या थोडं आधी, १९५८ ते ६१मध्ये, चीनमध्ये कोट्यवधी माणसं भुकेने मेली. शिस्त होती की. इतकी होती की वरपर्यंत कुणी खरं सांगायला धजावलं नाही.

नात म्हणतेय आजोबा पुरे.

---

आडगाव नाका

काकांना नमस्कार. पण चीन वेगळा आणि सिंगापूर वेगळं. लींनी कुणाला उपाशी मारलं नाही. उलट कम्युनिस्टांना त्यांनीच रोखलं.

---

प्राध्यापिका बाई

रोखलं, पण कसं, तेही सांगायला हवं. १९६३च्या फेब्रुवारीत 'कोल्ड स्टोअर' कारवाईत शंभराच्या वर लोक विनाखटला आत टाकले. त्यात खरे कम्युनिस्ट किती आणि नुसते विरोधक किती, यावर तिथले इतिहासकार आजही भांडतात. १९६८च्या निवडणुकीत अठ्ठावन्नपैकी एक्कावन्न जागा बिनविरोध. पुढे संसदेत पहिला विरोधक पोचायला १९८१ उजाडलं, आणि त्या जयरत्नमांना न्यायालयात किती खेटे घालावे लागले ते वेगळंच.

'बिनविरोध'वरून आठवलं. आपल्या नाशिकनेही एक माणूस बिनविरोध दिल्लीला पाठवला होता. यशवंतराव चव्हाण, १९६३ची पोटनिवडणूक. चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून गेले होते, लोकसभेची जागा हवी होती, ती नाशिकने दिली. त्याची परतफेड म्हणा किंवा योग म्हणा, १९६४ला ओझरला मिग विमानांचा, म्हणजे एचएएलचा, कारखाना आला. या मंचावरच्या निम्म्या लोकांचे वडील नाहीतर काका एचएएलमध्ये असतील.

मला हे दोन नेते शेजारी ठेवून बघायला आवडतं. दोघांना साधारण एकाच सुमाराला नवं राज्य चालवायला मिळालं, एकाला १९५९ला, दुसऱ्याला १९६०ला. औद्योगिक वाढ दोघांनाही हवी होती. लींनी १९६१ला आर्थिक विकास मंडळ काढलं आणि जुराँगची दलदल भरून औद्योगिक वसाहत उभी केली. यशवंतरावांच्या काळात १९६२ला एमआयडीसी आली, त्यातूनच पुढे आपलं सातपूर आणि अंबड. इथवर रस्ता एकच. पण सत्तेचं काय करायचं, इथे दोघे फुटले. लींनी ती मुठीत गोळा केली. यशवंतरावांनी १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू केल्या आणि बांधकाम, शिक्षण, आरोग्य असली खाती खाली सोडली. राज्य दोन वर्षांचं असताना! सत्ता वाटायची, नवी माणसं तयार व्हावीत म्हणून. ती झाली. साखर कारखाना, बँक, शाळा चालवणारी पिढीच उभी राहिली. पुढे त्यातले कित्येक सम्राट झाले, सहकाराचं काय झालं ते आपल्या जिल्ह्यात तरी कुणाला सांगायला नको. त्या चुकीचं माप यशवंतरावांच्या पदरात घालायचं की नाही, माझं अजून ठरलेलं नाही.

आकाराचंही बघा. सिंगापूरची लोकसंख्या आज साठ लाखांच्या आसपास. आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११च्या जनगणनेत एकसष्ट लाख. म्हणजे माणसं सारखीच. क्षेत्रफळ मात्र त्यांचं सव्वासातशे चौरस किलोमीटर, आपलं साडेपंधरा हजार. सुरगाणा-पेठचा आदिवासी पाडा, येवल्याचा पैठणी विणणारा, मालेगावचा यंत्रमाग, निफाडचा ऊस आणि द्राक्षं. एका खोलीतून हे चालवायचं म्हणजे त्या खोलीतल्या माणसाला पेठच्या पाड्यावर पाणी कधी आटतं हे माहीत हवं. पंचायत समितीच्या सदस्याला ते माहीत असतं. तो कामाचा असेल-नसेल, पण माहीत असतं.

---

पिंपळगाव मार्केट

बाईंचं लय आवडलं. मी शेतकरी, जास्त लिहिता येत नाही, पण ह्या शिस्तीच्या विषयावर कांद्याचं बोलल्याशिवाय राहवत नाही.

लीसाहेबाचं एक मला पटतं. धोरण एकदा ठरवलं की ठरवलं. बाहेरची कंपनी तिथं कारखाना टाकायची तेव्हा तिला ठाऊक असायचं की दहा वर्षं नियम बदलणार नाही. आमचं बघा. ऑगस्ट २०२३ला कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क. मार्केट बंद पडली. ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. ट्रॅक्टर लिलावात उभा होता, सकाळी भाव एक आणि दुपारी निम्मा. मुंबईच्या बंदरात कंटेनर अडकले. मग मे २०२४ला बंदी उठवली, पण टनाला किमान साडेपाचशे डॉलर भावाची अट आणि शुल्क ठेवलंच. सप्टेंबरात शुल्क वीसवर. एप्रिल २०२५ला शून्य. दीड-पावणेदोन वर्षांत पाच वेळा. बांगलादेश, श्रीलंका, आखाती गिऱ्हाईक म्हणतं, तुमचा काय भरोसा? ते गेलं पाकिस्तानकडं आणि चीनकडं.

तेव्हा मीपण म्हणायचो, कुणीतरी खमक्या पाहिजे. पण मग ध्यानात आलं, बंदी घालणारा खमक्याच होता की! एका रात्रीत नोटिफिकेशन, ना कोणाला विचारलं, ना कोणाला सांगितलं. आम्हाला त्याच्यावर बटण दाबायचं तेवढं हातात होतं. मे २०२४च्या लोकसभेच्या मतदानात दिंडोरीत काय झालं ते सगळ्या देशाने बघितलं. केंद्रातला मंत्री पडला. नंतरच्या सूट-सवलती त्याच्या भीतीनं आल्या का आपोआप, ते तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी सांगावं. मला वाटतं भीतीनं.

खमक्या पाहिजे, पण आपल्याला उठवता येईल असा पाहिजे.

---

आडगाव नाका

दादा, कांद्याचं दुःख मान्य. पण तुम्हीच म्हणताय की धोरण सतत बदलतं. ते का बदलतं? शहरातला मतदार महागाईने ओरडतो म्हणून. म्हणजे निवडणुकीमुळेच. लींना कांदा महागल्याची भीती नव्हती.

---

पिंपळगाव मार्केट

त्यांच्याकडं कांदा पिकत नाही आडगाववाले. इकडूनच जातो.

---

आडगाव नाका

हाहा. हे बिनतोड.

पण गंभीरपणे एकच. १९७१पर्यंत ब्रिटिशांनी तिथला लष्करी तळ हलवला. अर्थव्यवस्थेचा पाचवा हिस्सा त्या तळावर चालायचा. विचार करा, उद्या नाशिकमधून लष्कराचा देवळाली कॅम्प, एचएएल आणि नोटा-तिकिटं छापणाऱ्या दोन्ही प्रेस एकदम बंद केल्या तर? त्या परिस्थितीत त्यांनी १९६८ला कामगार कायदा बदलला, संप जवळपास संपवले, अमेरिकन सेमीकंडक्टर कंपन्या आणल्या आणि तगले. त्या वेळी सगळ्यांना विचारत बसले असते तर देशच राहिला नसता. मला हुकूमशाही नको आहे, मला फक्त ती घाई हवी आहे. आपल्याकडे कुणालाच घाई नाही.

---

गोदाकाठचा हिशेबनीस

यावर माझ्याकडे उत्तर नाही. घाई मलाही हवी आहे. अंबडला माझे जे क्लायंट आहेत, त्यातले दोघे गेल्या पाच वर्षांत विस्तार पुण्याजवळ घेऊन गेले. कारण विचारलं तर प्रत्येकाचं वेगळं, पण सूर एक: इथे कुणी 'हो' पण म्हणत नाही आणि 'नाही' पण म्हणत नाही.

फक्त, ही घाई मनिलाच्या त्या भाषणातून मिळेल असं वाटत नाही. ज्यांना लींनी शिस्तीचा डोस दिला त्या फिलिपिन्सनेच १९७२पासून मार्कोसची मार्शल लॉची राजवट भोगली होती. शिस्त, संचारबंदी, सगळं झालं. १९८६ला तो पळाला तेव्हा देश कर्जात बुडालेला. म्हणजे नुसती छडी असून काम होईल असं नाही, ती कुणाच्या हातात आहे त्यावर आहे. आणि ते आधी कळायची सोय कुठल्याच देशात नाही.

जाता जाता, मूळ प्रश्न तसाच आहे. चार वर्षं. कुणाला काय फरक दिसला?

---

जुनी तांबट आळी

मला एक दिसला. आमचा नगरसेवक फार हुशार होता असं नाही. पण पाणी आलं नाही की सकाळी सहाला फोन उचलायचा, झोपेतल्या आवाजात. त्या चार वर्षांत मी त्याला सवयीने फोन करायचो आणि तो म्हणायचा, 'काका, मी आता कुणीच नाही.' तरी टँकर पाठवायचा. स्वतःच्या खर्चाने. पुन्हा उभं राहायचं होतं ना त्याला.

---

प्राध्यापिका बाई

काका, ही एक ओळ मी वर्गात सांगणार आहे.

---

मिसळ जहाल

फिटरभाऊ, एक वैयक्तिक विचारू? एवढी लाच न मागणारी माणसं, वेळेवर बस, मग परत का आलात?

---

सिन्नरचा फिटर

आई पडली होती बाथरूममध्ये. खुबा. भावाची बायको एकटी किती करणार. यार्डात तेव्हा कामही कमी झालं होतं, परमिट संपलं की कंपनी पुढे विचारेल याची खात्री नव्हती. आणि तिथे परमिटवाल्याने कितीही वर्षं काढली तरी तो परमिटवालाच. सुपरवायझर म्हणाला, थांब, बघू. मी नाही थांबलो.

आता नाशिकला भाड्याने राहतो, पाथर्डी फाट्याला. मतदारयादीत नाव इथे आणलं. जानेवारीत सकाळी साडेसातला रांगेत होतो. चार जणांचा प्रभाग, म्हणजे चार बटणं दाबायची. दोन नावं ओळखीची होती. तिसऱ्याला थोडा वेळ लागला, मागून कुणीतरी 'आवरा की भाऊ' म्हणालं. चौथं दाबल्यावर मोठा बीप वाजला.